बाराव्या काचेवरच्या चार काड्या

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि काचताई अकराव्या काचेवर होत्या. दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लावलेले, डावा हात फोकसच्या चाकावर, उजवा काच सरकवणाऱ्या स्क्रूवर. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसत होत्या. एकेकट्या, जोडीनं, कुठं पसरलेल्या गवतासारख्या. मायक्रोस्कोपमधून एका वेळी जो गोल दिसतो त्याला या धंद्यात फील्ड म्हणतात. काचताईंनी वीस फील्ड पाहिले, प्रत्येकात दहाच्या वर काड्या सापडल्या, आणि त्या थांबल्या. नियम तसा आहे. इतकं पीक असलं की पुढचं मोजायची गरज नसते. लाल शाईच्या पेनानं त्यांनी नोंदवहीत लिहिलं : ११, तीन अधिक. ही सगळ्यात वरची श्रेणी.

अकरा नंबर म्हणजे एक गवंडी होता. दोन महिने खोकत होता, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून झाली होती आणि तो सगळ्यांना सांगत होता की सिमेंटची धूळ बाधली. आता त्याला सहा महिने गोळ्या लागणार होत्या आणि त्या घेतल्या तर तो बरा होणार होता.

काचताई त्रेपन्न वर्षांच्या. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत क्षयाच्या संशयितांच्या काचा वाचण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. हजेरीपट सोडला तर त्यांचं खरं नाव कुठंच चालत नाही. खोलीत ओट्यावर बर्नर, भिंतीला रंगाच्या तीन बाटल्या, खिडकीशी मायक्रोस्कोप. बांबूच्या काडीनं बेडका काचेवर पसरायचा, आचेवर सुकवायचा, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, मग आम्लानं धुवायचं. आम्लानं सगळ्याचा लाल रंग जातो, फक्त क्षयाच्या जंतूचा जात नाही. त्याच्या अंगावर मेणचट कातडं असतं, ते एकदा धरलेला रंग सोडत नाही. शेवटी निळा रंग, म्हणजे बाकी सगळं निळं आणि हा तेवढा लाल. "चोराला रंगेहाथ पकडायची पद्धत," असं त्या नव्या शिकाऊ लोकांना सांगत.

बारावी काच त्यांच्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटी तीन आठवडे खोकत होती. दोघी एकाच घरात राहतात, ताई वरच्या मजल्यावर, धाकटी आणि तिचा नवरा खाली. खालच्या पुढच्या खोलीत धाकटीचं पाळणाघर. पोरं चौदा, सगळ्यात मोठं चार वर्षांचं, सगळ्यात लहान दहा महिन्यांचं. त्या लहानाला सगळे गोटी म्हणत, कारण ठेवलं तिथं तो राहत नसे. तो दिवसातले तीन तास धाकटीच्या खांद्यावर काढी.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडका तपासायचा. हे मी गावाला सांगते आणि घरात तू ठसकत बसतेस," ताई आठवडाभर म्हणत होत्या.

"अगं, घसा आहे. पोरांच्या मागं ओरडून बसलाय."

"ओरडून घसा बसतो. रात्रभर खोकला येत नाही."

शेवटी त्या सकाळी धाकटी आली होती. नमुना घ्यायचा तो उघड्यावर, केंद्राच्या मागच्या अंगणात, म्हणजे खोकल्यातून उडालेलं वाऱ्यावर विरून जातं. धाकटी डबी हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"ताई, तू बघू नकोस. तू बघितलंस की येत नाही."

"खोल श्वास घे. छातीतून काढ, तोंडातून नको."

"बेचाळीस वर्षांची झाले आणि बहीण मला थुंकायला शिकवतेय," असं म्हणून धाकटी हसली, हसताना तिला ठसका लागला, आणि डबीत जे पडलं ते बहुतेक लाळच होतं. ताईंनी ते पाहिलं. पण धाकटीला आठच्या आत घरी पोचायचं होतं, दारात पोरं येऊन थांबली असती. त्यांनी डबी घेतली.

आता ती काच समोर होती. आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, असं काचताई शिकाऊ लोकांना बजावत. पण केंद्रात दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असतं तरी त्यांनी ती सोडली नसती.

पहिले तीस फील्ड स्वच्छ होते. निळ्या मोठ्या पेशी, गालाच्या आतल्या अस्तराच्या, फरशा टाकाव्यात तशा. एकतिसाव्यात एक लाल काडी होती. बारीक, किंचित वाकलेली. त्यांनी फोकस फिरवला. काडी होतीच. बावन्नाव्यात दुसरी. सत्तराव्यात दोन, एकमेकींना टेकलेल्या. शंभर फील्ड झाले तेव्हा हिशेब चार काड्यांचा होता.

चार म्हणजे थोडे. पण काचेवर चार दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात काही हजार असावे लागतात. एरवी मायक्रोस्कोपला ते सापडतच नाहीत.

पुढचा विचार त्यांना करावा लागला नाही, तो आपोआपच झाला. खोकल्यातून उडालेला मोठा थेंब जमिनीवर पडतो, त्याची भीती नसते. भीती त्याहून बारीक कणाची. तो हवेतच सुकतो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो. पुढच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. दुपारी पोरं निजली की धाकटी त्या लावून घेते. तो कण श्वासातून फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातो. तिथल्या पहारेकरी पेशी जंतूला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. धडधाकट माणसात ही भिंत जन्मभर टिकते आणि जंतू आत झोपून राहतो. दहातल्या नवांना कधी कळतही नाही. लहान मुलाला ही भिंत नीट बांधता येत नाही. जंतू रक्तात उतरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. काचताईंनी सव्वीस वर्षांत अशी तीन मुलं पाहिली होती. त्यातलं एक वाचलं, पण पुन्हा चाललं नाही.

नोंदवहीत बाराचा रकाना कोरा होता. तिथं 'जंतू नाहीत' असं लिहायला दोन सेकंद लागले असते. ही गोष्ट त्यांच्या मनात आली नाही असं नाही. त्यांनी लाल पेन उचललं आणि लिहिलं : १२, तुरळक, ४.

मग तेरावी काच घेतली, कारण अजून सात होत्या आणि त्या सात जणांनी काही वाकडं केलं नव्हतं. तेरा ते सोळा निरंक. सतरा नंबरला तीन काड्या सापडल्या, पुन्हा तुरळक, पुन्हा लाल शाई. तो एक रंगारी होता. अठरा, एकोणीस निरंक. साडेबाराला रंगारी येऊन रिपोर्ट घेऊन गेला; कागद वाचून त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. गोळ्या उद्यापासून सुरू करायच्या होत्या.

त्यानंतर त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर तिशीतली बाई, बोलणं थोडकं.

"चार?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार."

"उद्या सकाळचा दुसरा नमुना घेऊ. मोठ्या दवाखान्यातल्या मशीनवरही लावू. पण ताई, पाळणाघर उद्यापासून बंद. आणि पोरांची यादी लागेल. नाव, वय, वजन, आई-वडिलांचा फोन. पाच वर्षांच्या आतली सगळी तपासावी लागतील."

"सगळी पाचच्या आतलीच आहेत."

"पाच वाजेपर्यंत यादी द्या. उद्या सकाळी मी स्वतः फोन करीन."

काचताईंनी धाकटीला फोन लावला तेव्हा सव्वा वाजला होता. पलीकडून कुजबुज आली.

"हळू बोल, आत्ता कुठं निजलीत. एक अजून खांद्यावर आहे."

"त्याला खाली ठेव."

"रडेल."

"रडू दे. ठेव खाली, आणि खिडक्या उघड. दोन्ही."

पलीकडे पावलं ऐकू आली. मग खिडकीची कडी वाजली, मग गोटीचा आवाज. "किती सापडले?" तिनं विचारलं. ती या घरात वाढली होती, तिला प्रश्न कसा विचारायचा ते माहीत होतं.

"चार. उद्या परत बघायचं आहे. तू मास्क लाव आणि दाराशी बस. आणि यादी सांग मला."

"ताई, यांच्या आयांना मी काय सांगू? त्या माझ्या भरवशावर कामाला जातात."

"तू नको सांगूस. डॉक्टर सांगतील."

"म्हणजे मी सांगितल्यापेक्षा वाईट."

तिनं एकेक नाव सांगितलं. ताईंनी कागदावर उतरवून घेतलं. वजनं धाकटीला तोंडपाठ होती. चौदावं नाव गोटीचं, वजन आठ किलो शंभर ग्रॅम. "मागच्या महिन्यात आठच होता," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

यादी पूर्ण झाली तेव्हा दोन वाजले होते. जेवणाचा डबा उघडून काचताईंनी पुन्हा झाकण लावलं. मग बारावी काच पेटीतून काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. कशासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी.

एकतिसावा फील्ड सापडायला वेळ लागला. काडी तिथंच होती, लाल, स्पष्ट. पण तिच्या मागच्या निळ्या पेशी धुरकट दिसत होत्या. त्यांनी फोकसचं चाक केसभर फिरवलं. पेशी स्वच्छ झाल्या, काडी पुसट झाली. उलट फिरवलं. काडी स्वच्छ, पेशी पुसट.

काचताई मागं सरकल्या. मग पुन्हा डोळे लावले आणि बाकीच्या तीन काड्या शोधल्या. तिन्हींचं तेच.

बेडक्यातला जंतू पेशींच्या मधोमध चिकटलेला असतो, त्यांच्याच पातळीवर दिसतो. या चार काड्या पेशींच्या वर होत्या. त्या तेलात तरंगत होत्या.

मायक्रोस्कोपचं सगळ्यात मोठं भिंग वापरायचं तर काचेवर तेलाचा थेंब लागतो. तो थेंब वरून पडला पाहिजे, ड्रॉपरचं टोक काचेला शिवता कामा नये. शिवलं तर एका काचेवरचे जंतू टोकाला लागतात आणि पुढच्या काचेवर उतरतात. एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर. हे वाक्य काचताईंनी सव्वीस वर्षांत इतक्यांना घोकायला लावलं होतं की त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं त्यांची नक्कल करताना हेच वाक्य घेत.

सकाळी गारठा होता, तेल घट्ट झालं होतं. अकराव्या काचेवर थेंब सुटेना. पुढची काच धाकटीची, हात घाईत. त्यांनी टोक टेकवलं होतं. आता त्यांना ते बोटांत आठवलं. गवंड्याच्या काचेवर टेकवलं, मग धाकटीच्या, आणि तोच ड्रॉपर तेलाच्या बाटलीत परत गेला होता.

त्यांनी झायलीनचे थेंब टाकून काचेवरचं तेल काढलं, भिंग पुसलं, कपाटातून तेलाची सीलबंद बाटली फोडली आणि थेंब वरून सोडला. या खेपेला शंभर नाही, तीनशे फील्ड पाहिले. काही नाही. मग एक कोरी, नवी काच घेतली, तिच्यावर फक्त जुन्या बाटलीतलं तेल टाकलं आणि पाहिलं. ज्या काचेवर कोणाचाच बेडका नव्हता तिच्यावर दोन लाल काड्या निवांत पडल्या होत्या.

काचताईंना हसू आलं, तेही बाहेर कोणाला ऐकू जाईल असं. मग त्यांचं हसू एकदम थांबलं, कारण सतरा नंबर आठवला.

रंगाऱ्याच्या काचेचं तेल काढलं. नवं तेल, तीनशे फील्ड. तिथंही काही नव्हतं.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी त्या डॉक्टरांसमोर उभ्या होत्या. यादी टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली.

"चूक माझी आहे," त्यांनी सुरुवातच तिथून केली, आणि क्रमानं सगळं सांगितलं. टोक, तेल, कोरी काच, सतरा नंबर.

डॉक्टरांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "बारावी काच बहिणीची नसती तर परत काढली असती?"

"नसती काढली."

"म्हणजे रंगारी उद्यापासून सहा महिने गोळ्या खात बसला असता."

"हो."

डॉक्टर म्हणाल्या, "मी तुम्हाला ओरडायला हवं. पण ओरडण्यासारखं जे होतं ते तुम्हीच बोलून बसलात. काच स्वच्छ निघाली म्हणजे माणूस स्वच्छ, असं अजून म्हणू नका. तुमच्या बहिणीचा नमुना तर नुसती लाळ. दोघांचे उद्याचे नमुने दुसऱ्याला वाचायला द्या, नावं न सांगता. पाळणाघर उद्याचा एक दिवस बंदच ठेवा. पोरांच्या घरी मी इतक्यात फोन करत नाही."

रंगाऱ्याला फोन काचताईंनी स्वतः केला.

"आता आणखी काय राहिलं, बाई?" तो म्हणाला.

"तुमच्या काचेत चूक झाली. माझ्या हातून. परत वाचली, त्यात जंतू नाहीत."

"म्हणजे मला नाही?"

"बहुतेक नाही. उद्या उठल्या-उठल्या खोकून डबी भरून आणा, मग पक्कं सांगते."

"बाई, तीन तासांत माझं ताट वेगळं झालं. पेला वेगळा झाला. बायकोनं माझी चादर उकळत्या पाण्यात घातली. साडू येऊन गेला, तो तर माझ्याकडे असं बघत होता की मीच त्याला धीर दिला."

"ताटातून, पेल्यातून हा रोग जात नाही. तुम्हाला असता तरी गेला नसता. श्वासातून जातो."

"हे तिला सांगा. माझं या घरात कोण ऐकतंय?"

फोन बायकोकडे गेला. काचताईंनी तिला तेच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "चूक तुमची आणि चादर आकसली माझी," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "पण नाही ना त्यांना? बघा हं, नक्की?"

धाकटीला मात्र फोनवर सांगितलं नाही. साडेपाचला ताई घरी पोचल्या तेव्हा शेवटचं पोर गेलं होतं. धाकटी मास्क लावून उंबऱ्यात बसली होती, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आत लाकडी ठोकळ्यांचा पसारा तसाच.

ताईंनी सांगितलं. धाकटीनं मास्क काढला.

"म्हणजे तू दुसऱ्याचं माझ्यावर टाकलंस?"

"हो."

"सख्ख्या बहिणीवर?"

"तुझीच काच नेमकी मागं होती."

"लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही हेच. मार मला बसला होता." एवढं म्हणून धाकटी रडली. चांगली पाच मिनिटं रडली, मग खोकली, मग नाक पुसून म्हणाली, "उद्याचं पक्कं झाल्याशिवाय मी माफ करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डब्या आल्या. या वेळी धाकटीनं छातीतून काढलं. काचा रंगवून काचताईंनी त्या पलीकडच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाकडे दिल्या, फक्त 'अ' आणि 'ब' असं लिहून. तो कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता डोक्यावरचे केस मागं हटलेला माणूस. चूक काय झाली ते ऐकून त्यानं हात जोडले.

"याच चुकीसाठी तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारली होती, ताई. दोनदा."

"तीनदा. वाच आता."

त्यानं वाचल्या. दोन्ही निरंक. दुपारी मोठ्या दवाखान्यातल्या मशीनचा निकाल आला. ते मशीन मायक्रोस्कोपपेक्षा कितीतरी कमी जंतूही पकडतं. त्यालाही काही सापडलं नाही. दोघांच्या छातीचे एक्स-रे स्वच्छ होते. रंगाऱ्याला घासकागदाच्या धुळीचा खोकला होता, डॉक्टरांनी त्याला काम करताना मास्क लावायला सांगितलं. तो म्हणाला, पुट्टी घासताना तोंडाला फडकं बांधतोच की. डॉक्टर म्हणाल्या, तेच फडकं ज्यानं तुम्ही ब्रश पुसता?

धाकटीचा खोकला सर्दीनं मागं ठेवला होता. "चौदा पोरं म्हणजे चौदा नाकं," डॉक्टर म्हणाल्या. "एकाचं नाक ठोकळ्याला, ठोकळा दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचा हात तुमच्या गालावर. सर्दीचा विषाणू आठवड्यात जातो, पण श्वासनळीचं अस्तर सोलून जातो. ते भरून येईपर्यंत खोकला राहतो. अजून दोन आठवडे जातील. ठोकळे रोज साबणानं धुवा आणि पोरं निजली तरी खिडक्या उघड्या ठेवा."

"थंडी वाजेल त्यांना."

"पांघरूण घाला. खिडकी लावू नका."

संध्याकाळी धाकटीनं चौदा घरी स्वतः फोन केले. एक दिवस पाळणाघर का बंद होतं ते तिनं जसं झालं तसं सांगितलं, ताईचं नाव न वगळता. तेरा जणींनी बरं म्हटलं. गोटीच्या आईनं विचारलं, "उद्या आठलाच आणू ना?" धाकटी म्हणाली, "पावणेआठलाही चालेल."

काचताईंनी तेलाची जुनी बाटली तिच्यावर तारीख आणि 'दूषित' लिहून डॉक्टरांच्या ताब्यात दिली, आणि नोंदवहीतल्या बारा आणि सतरा नंबरच्या लाल ओळी खोडल्या नाहीत. त्यांच्यावर एक रेघ मारून बाजूला कारण लिहिलं आणि सही केली. मग कोऱ्या पानावर पट्टीनं एक नवा रकाना आखला. उद्या सकाळी साडेनऊला, पहिल्या रुग्णाच्या काचेआधी, मायक्रोस्कोपखाली फक्त तेल टाकलेली एक कोरी काच जाईल. तिचे शंभर फील्ड वाचून होतील आणि त्या रकान्यात दोन सह्या पडतील, एक काचताईंची, एक डॉक्टरांची. त्यानंतर अठरा डब्या आहेत.